निवृत्त टेनिस विजेतीला नेमकं काय विचारायचं?

तुमच्या वहीत पहिलाच प्रश्न ‘जिंकल्यावर कसं वाटलं?’ असा असेल, तर तो आत्ताच खोडा. प्रश्न वाईट नाही, पण त्याचं उत्तर तुमच्या आधी शेकडो जण घेऊन गेलेत. टेनिसमध्ये सामना संपला की घाम पुसायच्या आत कोर्टवर माइक येतो आणि थोड्या वेळाने पत्रकार परिषद असते. ग्रँड स्लॅममध्ये ती टाळली तर दंड बसतो. 2021 च्या फ्रेंच ओपनमध्ये नाओमी ओसाकाला असा 15 हजार डॉलरचा दंड झाला आणि पुढे तिने स्पर्धाच सोडली. पंधरा-वीस वर्षं हा रतीब घातलेल्या खेळाडूकडे नेहमीच्या प्रत्येक प्रश्नाचं घोटीव उत्तर तयार असतं. ती ते हसून देते, तुम्ही ते जसंच्या तसं उतरवता आणि वाचणारा दुसऱ्या परिच्छेदात पान उलटतो.

कॉलेजच्या अंकासाठी, यूट्यूब चॅनेलसाठी, क्लबच्या वर्धापनदिनाला किंवा व्याख्यानमालेतल्या प्रकट मुलाखतीसाठी पहिल्यांदाच अशा खेळाडूसमोर बसणार असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: तिने घेतलेले निर्णय विचारा. कोणत्या दिवशी, कोणत्या स्कोअरला, कोणाचं ऐकून किंवा न ऐकता तिने काय ठरवलं. भावना त्यामागून येतेच, ती वेगळी मागावी लागत नाही.

सरावासाठी आपण सानिया मिर्झाची मुलाखत घ्यायची आहे असं धरू. तिचे सामने व्हिडिओवर मिळतात, कारकीर्द वीस वर्षांची आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी तिच्यासमोर केलेल्या चुकाही जगजाहीर आहेत. अधूनमधून स्टेफी ग्राफ, मार्टिना नवरातिलोव्हा, ॲश बार्टी यांच्याकडेही जाऊ, कारण प्रत्येकीची निवृत्ती वेगळी आणि म्हणून प्रश्नही वेगळे.

पायरी 1: कारकिर्दीचा एक कागद

एका कागदावर वर्षं उभी लिहा आणि समोर तीन रकाने पाडा: एकेरी, महिला दुहेरी, मिश्र दुहेरी. नवखे इथेच घसरतात. ‘सहा ग्रँड स्लॅम’ एवढंच लिहून मोकळे होतात. सानियाच्या सहापैकी तीन मिश्र दुहेरीतली आहेत: महेश भूपतीबरोबर 2009 चं ऑस्ट्रेलियन ओपन आणि 2012 चं फ्रेंच ओपन, ब्रुनो सोआरेसबरोबर 2014 चं यूएस ओपन. महिला दुहेरीतली तीन मार्टिना हिंगिसबरोबरची: 2015 चं विम्बल्डन आणि यूएस ओपन, 2016 चं ऑस्ट्रेलियन ओपन. एकेरीच्या रकान्यात 2005 मध्ये हैदराबादला जिंकलेलं डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) स्पर्धेचं विजेतेपद, त्याच वर्षी यूएस ओपनची चौथी फेरी आणि ऑगस्ट 2007 मधलं जागतिक क्रमवारीतलं 27 वं स्थान. दुहेरीत एप्रिल 2015 मध्ये पहिला क्रमांक, आणि एकूण 91 आठवडे तो तिच्याकडे होता.

हे सगळं तिला वाचून दाखवायचं नाही. स्टेजवर पाहुण्यांची ओळख करून देताना आपल्याकडे बायोडेटा वाचायची जी सवय आहे तिला आवर घाला; पाच मिनिटं स्वतःचेच पुरस्कार ऐकत बसणं कोणालाही अवघड जातं. कागद तुमच्यासाठी आहे, आणि त्यावर भरलेल्या ओळींपेक्षा मोकळ्या राहिलेल्या ओळी जास्त कामाच्या.

मोकळी जागा दिसली की तिथे पेन्सिलीने गोल करा. 2008: मनगटाची शस्त्रक्रिया. 2013: एकेरी कायमची बंद. 2017 च्या अखेरीपासून जानेवारी 2020 पर्यंत काहीच नाही: आधी गुडघा, मग ऑक्टोबर 2018 मध्ये मुलाचा जन्म, आणि मग होबार्टला नादिया किचेनोकबरोबर परत येऊन पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद. तीन गोल म्हणजे तीन मोठे निर्णय. अर्धी मुलाखत इथेच तयार झाली.

एक किरकोळ सूचना. सानियाचा जन्म मुंबईचा, पण ती वाढली, शिकली आणि घडली हैदराबादला. ‘तुम्ही तर आमच्या मुंबईच्या!’ अशी सुरुवात करायचा मोह कितीही झाला तरी करू नका. टाळ्या मिळतील, उत्तर मिळणार नाही.

पायरी 2: एक सामना पूर्ण बघा

हायलाइट्स नकोत, पूर्ण सामना. वही घेऊन. या पायरीला बहुतेक जण फाटा देतात आणि मुलाखत पडते ती याच कारणाने.

11 जुलै 2015 ची विम्बल्डनची महिला दुहेरीची अंतिम लढत घ्या. सानिया आणि हिंगिस विरुद्ध एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना. पहिला सेट 5-7 असा गेला, दुसरा टायब्रेकमध्ये 7-6 असा आला, आणि तिसऱ्यात सानिया-हिंगिस 2-5 अशा मागे पडल्या. प्रतिस्पर्ध्यांना एकच गेम हवा होता. तिथून या दोघींनी 5-5 केलं. तोवर उजेड कमी झाला होता, खेळ थांबवून सेंटर कोर्टचं छप्पर बंद करण्यात आलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि सेट 7-5 असा संपला.

बघताना तीन गोष्टी टिपत जा. एक, कोण कोणत्या बाजूला उभं राहून रिटर्न घेतं, आणि अडचणीच्या वेळी जागा किंवा चाल बदलते का. दुहेरीत हा एक निर्णय जोडीचा सगळा स्वभाव सांगतो. दोन, पॉइंट संपल्यावर कोण कोणाकडे चालत जातं. तीन, 2-5 नंतर कोणाची सर्व्हिस होती आणि पहिली सर्व्ह जोरात मारली की जपून टाकली.

आता प्रश्न बघा. ‘विम्बल्डन जिंकण्याचा अनुभव सांगाल का?’ याला तयार उत्तर आहे. त्याऐवजी असं विचारा:

‘तिसरा सेट, 2-5. तुम्ही दोघी खुर्चीवरून उठलात. पुढच्या गेमबद्दल काय ठरलं होतं? की काहीच बोलणं झालं नाही?’

आणि त्याच्या पाठोपाठ:

‘5-5 ला छप्पर बंद होईपर्यंत थांबावं लागलं. तो वेळ कसा काढलात? बोललात, की बोलणं टाळलंत?’

पहिल्या प्रश्नात तिला स्कोअर आठवावा लागतो, आणि खेळाडूला स्कोअर आठवला की हवा, आवाज, समोरचीचा चेहरा सगळं आठवायला लागतं. दुसरा प्रश्न त्याहून चांगला, कारण त्या वेळात कॅमेरा त्यांच्यावर रोखलेला नव्हता. सामना सगळ्यांनी पाहिला, तो मधला वेळ फक्त तिच्याजवळ आहे.

लक्षात घ्या, दोन्ही प्रश्न तीन-चार छोट्या वाक्यांत संपतात. आपल्या प्रकट मुलाखतींची एक खोड म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचंच भाषण होतं, आणि शेवटी ‘तर याबद्दल काय सांगाल?’ असं शेपूट लागतं. तुमचा अभ्यास स्कोअरच्या एका आकड्यात दिसतो. तो वेगळा मिरवू नका.

पायरी 3: आधी काय विचारून झालंय?

तीन-चार मुलाखती ऐका, आत्मचरित्र असेल तर वाचा. पुस्तकात जे आहे ते पुन्हा विचारायचं नाही. पुस्तक जिथे संपतं तिथून पुढचं विचारायचं. सानियाचं पुस्तक 2016 मध्ये आलं, म्हणजे मुलाचा जन्म, पुनरागमन आणि निवृत्ती हे सगळं त्याच्यानंतरचं.

भाषणांचंही तेच. जानेवारी 2023 मध्ये मेलबर्नला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी हरल्यावर ती बोलताना रडली. 2005 मध्ये याच ठिकाणी सेरेना विल्यम्सशी खेळलो तिथून सुरुवात झाली, असं तेव्हा तिने सांगितलं. ते भाषण देशभर फिरलं. तेच परत बोलून घ्यायला जाल तर फिक्की आवृत्ती मिळेल. त्यापेक्षा 2005 च्या त्या सेरेनाविरुद्धच्या सामन्याबद्दल विचारा: पहिला सेट 1-6 गेला, दुसऱ्यात 4-6 पर्यंत मजल गेली. मधे काय बदललं?

पायरी 4: प्रश्न काढायच्या खाणी

इथे जरा रेंगाळू.

*हात आणि रॅकेट.* खेळाडूंना कारागिरीबद्दल बोलायला आवडतं आणि त्यांना ते कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याला वाटतं वाचकाला कळणार नाही. वाचकाला कळतं. सानियाचा फोरहँड म्हणजे मनगटाचा सणसणीत झटका. मग 2008 मध्ये त्याच मनगटावर शस्त्रक्रिया झाल्यावर तो फटका परत कसा बसवला? पहिल्यांदा पूर्ण जोर लावला तो दिवस आठवतो का? गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या तारांचा, ताण कमी केला का? स्टेफी ग्राफसमोर बसलात तर तिच्या स्लाइस बॅकहँडबद्दल (चेंडू खालून कापत मारलेला) विचारा: टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देणारा) बॅकहँड येत असूनही इतका स्लाइस का, आणि तो कोणत्या वयात पक्का झाला? शक्य असेल तर हातात रॅकेट द्या. हातात रॅकेट आलं की बोटं आपोआप ग्रिपवर जातात आणि तोंडी मुलाखतीतला अवघडलेपणा जातो. क्लबमध्ये कार्यक्रम असेल तर ही सोय फुकट आहे, तरी कोणी करत नाही.

*जोडीदार आणि प्रतिस्पर्धी.* दुहेरीच्या विजेतीकडे ही सर्वात श्रीमंत खाण. सानिया आणि हिंगिस मार्च 2015 मध्ये एकत्र आल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्स्टन या पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढे सलग 41 सामने जिंकले. ही मालिका फेब्रुवारी 2016 मध्ये दोहाला तुटली. ऑगस्टमध्ये जोडी फुटली. आणि त्यानंतर लगेच सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत सानिया बार्बोरा स्ट्रायकोव्हाबरोबर आणि समोर हिंगिस, कोको व्हँडवेच्या साथीला. सानिया जिंकली. ‘हिंगिसबद्दल दोन शब्द’ असं विचारून ही गोष्ट वाया घालवू नका. असं विचारा: ‘दीड वर्ष जिच्या शेजारी उभ्या होतात तिच्या खेळातलं काय काय तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं? आणि तिला तुमच्यातलं काय माहीत होतं?’ ‘जोडी थांबवूया हे कोणी आधी बोललं’ हेही विचारता येईल, पण जरा नंतर, आणि उत्तर टाळलं तर सोडून द्यायच्या तयारीने.

एकेरीच्या विजेत्यांसाठी प्रतिस्पर्धी हाच जोडीदार. ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा 1973 ते 1988 दरम्यान 80 वेळा एकमेकींशी खेळल्या. मार्टिना 43-37 अशी पुढे. त्यातले 60 सामने अंतिम फेरीचे. अंतिम फेरीच्या दिवशी बाकी सगळ्या खेळाडू गेलेल्या असतात, ड्रेसिंग रूममध्ये या दोघीच. तिथे काय बोलणं व्हायचं? हरलेलीने जिंकलेलीला समजावायचं की जिंकलेलीने हरलेलीला? ट्रॉफ्यांबद्दलच्या दहा प्रश्नांपेक्षा हे ऐकायला मी तिकीट काढेन.

*पैसा.* मराठी मुलाखतकार इथे संकोचतात. विनाकारण. महिला टेनिसचा निम्मा इतिहास पैशाचाच आहे. 1970 मध्ये बिली जीन किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून वेगळी स्पर्धा मांडली, 1973 मध्ये यूएस ओपनने पुरुष-महिलांना सारखं बक्षीस दिलं, आणि विम्बल्डनला तिथे पोहोचायला 2007 उजाडलं. पण बरोबरीच्या आत आणखी एक फरक आहे, तो दुहेरीवाल्यांना विचारा. 2015 च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेतीला 18 लाख 80 हजार पौंड होते आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून 3 लाख 40 हजार. एकेरी सोडून फक्त दुहेरी खेळायचं ठरवताना हा हिशेब घरात मांडला गेला असणार. कोणी मांडला?

या भागातला माझा आवडता प्रश्न कोणत्याही विजेतीला चालतो: ‘वर्षाचा सगळा खर्च वजा करून हातात पैसे उरले, असं पहिलं वर्ष कोणतं?’ प्रवास, कोच, फिजिओ, हॉटेल, गटिंग धरून. उत्तरात आईवडील येतात, प्रायोजक येतात, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) छोट्या स्पर्धा येतात, आणि वाचणाऱ्या पालकांना जे हवं असतं तेही मिळतं.

*हार.* जिंकलेल्या सामन्यांवर सगळे बोलतात. तिला एकदाच विचारा की कोणता पराभव तिने परत कधीच व्हिडिओवर पाहिला नाही. सानियाच्या बाबतीत 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये बोपण्णाबरोबर पदकाच्या सामन्यात हरून चौथं येणं हा विषय आहेच, पण तो तुम्ही सुचवू नका. तिला निवडू द्या. तिने दुसराच एखादा आडवळणाचा सामना सांगितला तर तुमचं नशीब फळफळलं.

*थांबणं.* निवृत्ती म्हणजे एक दिवस नव्हे आणि सगळ्यांची सारखी तर मुळीच नाही. ग्राफ 1999 मध्ये जूनमध्ये फ्रेंच ओपन जिंकली, विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि ऑगस्टमध्ये तिशीत थांबली. बार्टी जानेवारी 2022 मध्ये घरचं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून मार्चमध्ये थांबली, वय 25, क्रमवारीत पहिली. सानियाने जानेवारी 2022 मध्ये ‘हा शेवटचा मोसम’ असं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये कोपराच्या दुखापतीने यूएस ओपन हुकलं, बेत बदलला आणि शेवटचा सामना फेब्रुवारी 2023 मध्ये दुबईला झाला. ग्राफला विचारायचं: जिंकत असताना शरीर काय सांगत होतं? बार्टीला: पहिल्या क्रमांकावरून उतरताना घरच्यांपैकी कोणाला पटलं नाही? सानियाला: थांबणार हे सगळ्यांना माहीत असताना खेळलेल्या त्या वर्षात समोरच्या खेळाडू वेगळ्या वागायच्या का? तिघींना एकच ‘निवृत्तीचा निर्णय अवघड होता का?’ विचारलात तर तिघी एकच उत्तर देतील: हो.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचं विचारा. गजर किती वाजता लागला होता? तो बंद करायला किती आठवडे लागले? रॅकेटची बॅग घरात कुठे ठेवली आहे?

पायरी 5: काय विचारायचं नाही

जुलै 2016 मध्ये एका वाहिनीवर एका ज्येष्ठ संपादकाने सानियाला विचारलं की ती स्थिरस्थावर कधी होणार, आई होण्याचा विचार आहे का. तेव्हा ती दुहेरीत जगात पहिली होती. आपण स्थिरावलेलो नाही असं तुम्हाला वाटतं का, असं तिने उलट विचारलं, आणि बाईने कितीही विम्बल्डन जिंकली तरी मुलं होईपर्यंत लोकांना ती स्थिरावल्यासारखी वाटत नाही हेही ऐकवलं. संपादकांनी तिथेच माफी मागितली आणि पुरुष खेळाडूला हा प्रश्न विचारला नसता हे कबूल केलं. माफीचं कौतुक आहे, पण तुमच्यावर ती वेळ यायलाच नको. 2015 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये युजिनी बुशारला सामना जिंकल्यावर कोर्टवरच गिरकी घेऊन पोशाख दाखवायला सांगितलं गेलं. तेही त्याच माळेतलं.

म्हणजे आईपणाचा विषयच वर्ज्य का? तसं नाही. कामाच्या बाजूने विचारा. बाळंतपणानंतर तीन वर्षांपर्यंत आधीची क्रमवारी वापरून स्पर्धेत उतरता येईल, अशी नियमातली सुधारणा 2019 च्या मोसमापासून झाली, आणि पगारी प्रसूती रजेसाठी निधी तर 2025 मध्ये आला. सानिया बरोबर या दोन्हींच्या मधे परतली. तेव्हा सरावाला बाळ कोण सांभाळायचं, प्रवासात किती माणसं असायची, तिकिटं कोण काढायचं: हे प्रश्न बाई म्हणून नव्हेत, व्यावसायिक खेळाडू म्हणून आहेत, आणि पुढच्या मुलींना उपयोगी आहेत. लग्न, वजन, पुढचं मूल, कपडे यांच्या वाटेला जाऊ नका. 2005 मध्ये तिच्या टेनिसच्या पोशाखावरून काही धर्मगुरूंनी आक्षेप घेतला होता. त्यावर तिचं मत आज पुन्हा घेऊन काय मिळणार? पण 2008 मध्ये वादांना कंटाळून ती बंगळुरूची स्पर्धा खेळली नाही. घरच्या प्रेक्षकांसमोर न खेळायचं ठरवणं हा निर्णय आहे, आणि तो विचारण्याजोगा आहे.

जुन्या जखमेबद्दल एक नियम पाळा. मोनिका सेलेसवर 30 एप्रिल 1993 रोजी हँबुर्गमध्ये सामन्याच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसलेली असताना चाकूहल्ला झाला. ती परत खेळायला ऑगस्ट 1995 उजाडला. असा विषय असेल तर कार्यक्रमाच्या आधी, माइक बंद असताना विचारून घ्या की याबद्दल बोलायचं आहे का. नाही म्हणाली तर विषय संपला. स्टेजवर अचानक काढून डोळ्यांत पाणी आणणं याला मुलाखत म्हणत नाहीत.

पायरी 6: अवघड प्रश्न कधी आणि कसा

अवघड प्रश्न टाळूनही चालत नाही, नाहीतर तो सत्कार समारंभ होतो. सानियासाठी असा एक विषय 2012 च्या लंडन ऑलिंपिकचा. भूपती आणि बोपण्णा लिअँडर पेसबरोबर खेळायला तयार नव्हते. पेसची समजूत निघावी म्हणून मिश्र दुहेरीत सानियाला त्याच्याबरोबर जोडण्यात आलं, आणि ते झाल्यावर तिने जाहीर निवेदन काढून आपला आमिषासारखा वापर झाला असं म्हटलं. काही आठवड्यांपूर्वीच ती भूपतीबरोबर फ्रेंच ओपन जिंकली होती.

वेळ दोन-तृतीयांश उलटून गेल्यावर, म्हणजे तिचा तुमच्यावर थोडा विश्वास बसल्यावर, हा विषय काढा. पेसबद्दल मत विचारू नका, भूपतीबद्दलही नाही. दोन पुरुषांच्या भांडणात तिला पुन्हा पंच करण्यात काय अर्थ? तिच्याच निवेदनाकडे जा: ‘ते निवेदन लिहायला बसलात तेव्हा घरात कोण होतं? पाठवू नको असं कोणी म्हणालं का? आज लिहिलंत तर कोणतं वाक्य बदलाल?’

मग गप्प बसा. नवख्या मुलाखतकाराला शांतता भिववते, म्हणून तो लगेच पुढचा प्रश्न टाकतो किंवा स्वतःच उत्तर सुचवतो. पाच सेकंद थांबा. बहुतेक वेळा खरं उत्तर तिथून पुढे सुरू होतं. आणि ते संपल्यावर तुमचा सर्वात चांगला प्रश्न एका शब्दाचा असेल: ‘मग?’

पायरी 7: बसायचं कसं, बोलायचं कसं

पाऊण तासासाठी बारा प्रश्न लिहा. सात विचारून होतील. पहिला प्रश्न हातातल्या रॅकेटबद्दल किंवा आजच्या खेळाबद्दल, शेवटचे दोन थांबण्याबद्दल. क्रम तिच्या बोलण्याने मोडला तर मोडू द्या.

संबोधनाचं सांगायलाच हवं. आपल्या स्टेजवर पुरुष क्रिकेटपटू ‘सर’ असतो आणि महिला खेळाडू, भले जगज्जेती असो, लगेच ‘अगं’वर येते. कौतुकाने असेल, तरी करू नका. मराठी खेळाडू वयाने मोठी असेल तर ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ सुरेख जमतं. सानियासारखीला ‘सानियाजी’ किंवा नुसतं ‘मॅडम’. तिच्याशी बोलणं हिंदी किंवा इंग्रजीत होणार, तेव्हा प्रश्न त्याच भाषेत आधी मोठ्याने म्हणून पाहा. मराठीत विचार करून ऐन वेळी हिंदी जुळवायला गेलात की प्रश्न लांबतो.

प्रेक्षकांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या, चाळा, मग वाचा. माइक हातोहात फिरवलात तर कोणीतरी स्वतःच्या मुलीची क्रमवारी सांगत बसतो. गर्दीतला प्रश्न कधी बहार आणतो, नाही असं नाही. 1996 च्या विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात ग्राफ सर्व्हिस करणार इतक्यात स्टँडमधून कोणी ओरडलं, माझ्याशी लग्न करशील का? तिने चेंडू आपटत आपटत उलट विचारलं, तुझ्याकडे पैसे किती आहेत? अख्खं सेंटर कोर्ट हसलं. पण ती हजरजबाबी ग्राफ होती, श्रेय ओरडणाऱ्याचं नव्हे.

सानिया भेटणार नसेल तर

बहुतेकांना भेटणार नाहीच. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, तुमच्या गावच्या जिमखान्यावर एके काळची राज्य विजेती असते, संध्याकाळी पोरांना चेंडू टाकणारी. तिच्यापासून सुरुवात करा. तिथे पायरी 2 अडते, कारण तिच्या सामन्यांचे व्हिडिओ नसतात. त्याऐवजी घरी जाऊन कात्रणांची फाइल मागा. जवळपास प्रत्येकीकडे ती असते, बहुधा वडिलांनी किंवा आईने चिकटवलेली. कात्रणावर स्कोअर असतो. 6-2, 3-6, 7-5 दिसलं की बोट ठेवा आणि विचारा, दुसरा सेट का गेला? चाळीस वर्षांनीसुद्धा उत्तर येतं. कधी ऊन, कधी पंच, कधी त्याच रात्रीची रेल्वे. फाइलमधल्या ज्या स्पर्धेचं कात्रणच नाही तिच्याबद्दलही विचारा. पराभवाची कात्रणं कोणी चिकटवत नाही.

लिहून झाल्यावर स्कोअर, वर्षं, समोरच्या खेळाडूंची नावं तिच्याकडून तपासून घ्या. पूर्ण लेख वाचायला पाठवायचा की नाही हे आधी ठरवा आणि तसं सांगा. मागाहून वाद नको. रेकॉर्डिंग जपून ठेवा.

आणि उठायच्या आधी एक प्रश्न राखून ठेवा: ‘तुमच्या खेळाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे?’ ती क्लबातल्या एखाद्या जुन्या मार्करचं, म्हणजे सरावाला समोर खेळणाऱ्याचं, नाव घेईल, कोचचं, दुहेरीतल्या जोडीदाराचं. बार्टीने निवृत्ती सांगितली ती केसी डेलाक्वाशी गप्पा मारताना, तिच्या जुन्या जोडीदारणीशी, आणि त्या वेळी जगभरचे पत्रकार नुसते बघत राहिले. तिने जे नाव घेतलं ते वहीत लिहून घ्या, नंबर मागा, आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाकडे जा.